मेल्या, रांडेच्या आणि 'आपण': शिवी शब्दात असते की म्हणण्यात?

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा अवघड आहे म्हणून आधीच सांगतो, उदाहरणादाखल शिव्या सरळ लिहिल्यात, फुल्या मारत बसलो नाही. संपादकांना नको वाटलं तर उडवा.

झालं असं की गेल्या रविवारी कोल्हापूरचा मित्र घरी आला. होस्टेलला चार वर्षं एका खोलीत काढलेली, त्यानंतर बारा वर्षं भेट नाही. मी दार उघडलं आणि पठ्ठ्याने जिन्यातूनच 'काय रं रांडेच्या, फुगलास की!' म्हणत मिठी मारली. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मागे वळून बघतो तर हॉलमध्ये सासूबाई गवार निवडत बसलेल्या (सदाशिव पेठ, चार दिवस राहायला आल्यात) आणि त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिलेली. मित्र जेवून गेल्यावर म्हणाल्या, 'मुलगा चांगला आहे हो मनाने.' या 'मनाने'चा अर्थ पुणेकरांना सांगायला नको.

पण खरा घोळ पुढे. नऊ वर्षांचे चिरंजीव रात्री विचारतात, 'बाबा, काकांनी तुला शिवी दिली तर तू हसलास का?' मी म्हटलं अरे ती शिवी नव्हती. 'मग काय होतं?' आता काय सांगणार. त्यावर पुढचा प्रश्न, 'देवगडची आजी मला दिवसातून दहा वेळा मेल्या म्हणते ते चालतं, मी एकदा तिला मेले म्हटलं तर मार का मिळाला?'

तर प्रश्न साधा आहे. शब्द वाईट असतो की म्हणणारा, की म्हणायची पद्धत? पोराला काय उत्तर देऊ?

बोळातला_बोका
मार मिळाला म्हणजे मेलेली नाहीये हे सिद्ध झालं. हलके घ्या.

देवगडचो_हापूस
मेल्या ही शिवी नाहीच ओ. आमच्याकडे 'काय रे मेल्या, खय होतंस इतके दिवस?' हे आगत-स्वागत आहे. उलट आजी ज्या दिवशी पोराला 'बाळा' म्हणेल त्या दिवशी समजा काहीतरी बिनसलंय. माझ्या आईने मला आयुष्यात एकदाच पूर्ण नावाने हाक मारली, दहावीच्या निकालाच्या दिवशी. अजून घाम फुटतो.

तर्रीपोहा
पुण्यात पहिल्यांदा आलो नागपूरहून तेव्हाची गोष्ट. मेसमध्ये रूममेटला सहज म्हटलं 'काय करून राहिला बे?' तो कोथरूडचा. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याला 'बे' लागलं. अरे भाऊ, आमच्याकडे बे म्हणजे स्वल्पविराम आहे, वाक्य मोडू नये म्हणून टाकतात. आम्ही ज्याच्याशी भांडतो त्याला बे म्हणत नाही, ज्याच्याशी पटतं त्याला म्हणतो.

आणि उलटी गंमत ऐका. आमचे घरमालक रोज रात्री येऊन म्हणायचे 'आपण जरा हळू आवाजात बोलाल का?' 'आपण मोटारसायकल आपल्याच जागेत लावाल का?' मी दोन वर्षं घरी फोनवर सांगत होतो की पुण्याचे लोक फार अदबीने वागतात.

बोळातला_बोका
@तर्रीपोहा हसून हसून पुरेवाट!! दोन वर्षं!

ओंकारेश्वरची_पायरी
तर्रीपोहा यांनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. पुण्यात अपमान करायला शिवी लागत नाही, सर्वनाम पुरतं. 'तू' म्हणजे आपुलकी. 'तुम्ही' म्हणजे ओळख. 'आपण' म्हणजे आता संबंध संपले. आणि त्याच्याही वर 'साहेब', ते फक्त सिग्नल तोडणाऱ्याला आणि रांगेत घुसणाऱ्याला. 'शहाणे आहात' या दोन शब्दांत व्याकरणदृष्ट्या कौतुकाशिवाय काय आहे सांगा? पण हे ऐकून कुणी थँक्यू म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आमचे वडील (वय ८१) आयुष्यात एक अपशब्द बोलले नाहीत. पण बँकेत एकदा त्यांनी काउंटरवरच्या माणसाला 'चालू द्या आपलं, आम्हाला काय, आम्ही रिकामेच आहोत' असं इतक्या हळू आवाजात सांगितलं की तो माणूस डबा अर्धा टाकून आला.

सिंहगडरोडचा_सिग्नल
अलका चौकात संध्याकाळी सहा ते आठ उभे राहा, संपूर्ण शब्दकोश मिळेल, उच्चारासकट. हेल्मेटमधून दिलेली शिवी मात्र वाया जाते, फक्त मान हलताना दिसते. हा हेल्मेटला विरोध करायचा नवीन मुद्दा असू शकतो, घ्या कुणीतरी हातात.

विंगेतून
नाटकवाली असल्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेची तालीम चालली होती, आमच्या दिग्दर्शकाने आख्खी संध्याकाळ एकाच शब्दावर घालवली. शब्द होता हरामखोर. प्रत्येकाने तो वेगळ्या माणसासाठी म्हणायचा. सावकार दारात आलाय. मुलगा पहिला आला म्हणून पेढे घेऊन आलाय. नवरा सात वर्षांनी परत आलाय. मांजरीने दूध सांडलंय. गंमत म्हणजे पेढेवाला 'हरामखोर' कुणालाच लगेच जमला नाही. आम्ही सगळे आवाज गोड करत होतो आणि तो ओरडत होता, 'गोड नको! शिवीसारखाच म्हणा, फक्त ख नंतर सोडून द्या.' खरंच तसं होतं. शिवी देताना शेवटचं अक्षर दाबून धरतो, लाडाने म्हणताना शेवट सैल सुटतो. म्हणून बघा मोठ्याने. (ऑफिसात असाल तर नको.)

आता विनोद असा की आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. म्हणजे तपासतात कागद. कागदावर हरामखोर एकच दिसतो, अकरा हरामखोर कुठून दिसणार. आमच्या एका एकांकिकेतली शिवी काढायला लावली, त्या जागी आम्ही 'वा!' टाकलं. नटाने तो 'वा' असा काढला की प्रेक्षकांत एक आजी 'शी' म्हणाल्या.

लेखनसीमा
हरामखोर म्हणजे मुळात हरामाचं खाणारा आणि बदमाश म्हणजे ज्याचा उदरनिर्वाह वाईट मार्गाचा तो. दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आणि दोन्ही शिव्या खाण्या-कमावण्यावरून. आणि च्यायला हे 'तुझ्या आईला'चं झिजून उरलेलं नाणं. वापरून वापरून छाप पुसली. आज च्यायला म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना त्यात आई आहे हे आठवतही नसेल.

कसब्यातली
लेखनसीमा म्हणतात तशी छाप पुसली जाते हे खरं. पण कुणासाठी पुसली हे विचारायला हवं. सगळे लाडाने मेल्या आणि रांडेच्या करतायत म्हणून मजा वाटत होती वाचताना, पण एक सांगते.

माझी पणजी तेविसाव्या वर्षी विधवा झाली. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. रांड म्हणजे विधवा, हे इथे सगळ्यांना माहिती असेलच, रंडकी हा शब्द अजून गावाकडे त्याच अर्थाने ऐकू येतो. तर वाड्यात पोरांची भांडणं झाली की आजोबांना 'रांडेचा' म्हणायचे. ती शिवी नव्हती, ती माहिती होती. बाकीच्या पोरांना कुणी तसं म्हटलं तर त्यांची आई दांडकं घेऊन बाहेर यायची, कारण त्यांचे वडील जिवंत होते. पणजी बाहेर येऊन काय म्हणणार?

आजोबा सत्तर-बहात्तरचे असतील, मी त्यांच्याबरोबर मंडईत गेले होते. एका भाजीवाल्याने शेजारच्या गाळ्यावरच्या दोस्ताला हसत हसत तोच शब्द घातला, अगदी तुमच्या मित्रासारखा. आजोबा हातातली पिशवी घेऊन मागे फिरले. भाजी न घेता. मला रिक्षात बसेपर्यंत कळलं नाही काय झालं. सांगितलं पण नाही त्यांनी, आईने नंतर सांगितलं.

म्हणजे म्हणणारा प्रेमाने म्हणतोय, ज्याला म्हटलं तोही हसतोय. तिसऱ्याचं काय?

रावसाहेब_२
ताई तुमचा अनुभव वाईट आहे पण असं प्रत्येक शब्दाचं मूळ उकरायला लागलो तर बोलणंच बंद होईल. लोक हल्ली फार हळवे झालेत.

कसब्यातली
@रावसाहेब_२ आजोबा १९३१ चा जन्म. हल्लीचे नाहीत.

बोळातला_बोका
(पॉपकॉर्न खाली ठेवले.)

पर्वती_पायथा
कसब्यातली, तुमचा प्रतिसाद मित्राला पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही. मग फोन आला. म्हणाला, 'माझी आईच मला हाक मारताना तेच म्हणती लेका.' आम्ही दोघंही गप्प झालो, कारण अर्थ लावला तर माउली स्वतःलाच विधवा म्हणतेय, तेही नवरा शेजारी बसलेला असताना. आजवर कुणी अर्थ लावलाच नव्हता. म्हणाला, आता कानात बसलं, लगेच सुटायचं नाही पण तुझ्या घरी जपून बोलीन.

नीरेकाठचा
शिव्यांचा विषय निघाला आणि बोरीचा बार कुणालाच आठवला नाही? सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधून ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हलगी-ताशाच्या तालावर एकमेकींना हातवारे करून शिव्या घालतात. पुण्याहून जाऊन बघून या, लोणंदच्या बाजूलाच आहे. मी लहानपणी मावशीबरोबर गेलो होतो. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मावशी तिथे पदर खोचून काय काय बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, संपादक धाग्यासकट मला उडवतील. तास-दोन तासांनी सगळं थांबलं. परतीच्या वाटेवर मी तिचंच एक वाक्य म्हणून दाखवलं तर थोबाडीत बसली. शब्द तोच, मावशी तीच, फक्त ओढा ओलांडला होता.

शिमग्याचं पण तसंच. होळीभोवती बोंब मारताना जे चालतं ते रंगपंचमीनंतर बोललात तर चालत नाही.

तर्रीपोहा
ओढ्याला शिव्यांची हद्द म्हणून वापरायची आयडिया मस्त आहे. पुण्यात आंबील ओढा रिकामाच आहे.

निळी_शाई
बराच वेळ वाचतोय, लिहू की नको करत होतो.

शिव्यांचा एक गठ्ठा असा आहे ज्यात हा 'म्हणण्याची पद्धत' वाला हिशोब चालत नाही, तो म्हणजे जातीवरून. मी उदाहरणं लिहिणार नाही, सगळ्यांना माहिती आहेत. मी ज्या ऑफिसात होतो तिथे एक सीनियर होते, स्वभावाने खरंच चांगले. मला प्रमोशन मिळालं तेव्हा पाठीवर थाप मारून माझ्या जातीचं नाव घेऊन म्हणाले '...चं पोरगं साहेब झालं की!' आवाजात शंभर टक्के कौतुक. विंगेतून यांच्या भाषेत शेवटचं अक्षर अगदी सैल सोडलेलं. सगळे हसले. मीपण हसलो. पेढे मीच वाटले. घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'त्यांना प्रमोशन मिळालं तेव्हा कुणी त्यांच्या जातीचं नाव घेतलं होतं का?'

डिलिव्हरी कितीही गोड असू दे, काही शब्दांमागे शंभर पिढ्या उभ्या असतात आणि त्या ऐकू येतात.

रावसाहेब_२
पण त्यांचा हेतू चांगला होता असं तुम्हीच म्हणताय. मग दोष कुणाचा? आमच्या गावात सगळे एकमेकांना जातीवरूनच हाका मारायचे, कुणाला काही वाटायचं नाही.

निळी_शाई
कुणाला वाटायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यांना वाटत होतं त्यांनी सांगायची सोय होती का?

काळा_कोट_पांढरी_बो
कायद्याची बाजू थोडक्यात, कारण अर्धवट माहिती फिरायला लागायच्या आत लिहिलेलं बरं.

सार्वजनिक जागी अश्लील शब्द बोलणं हे आधी भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम २९४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९६. पण तिथे नुसता शब्द पुरत नाही, त्याने दुसऱ्यांना उपद्रव व्हायला हवा. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान हे जुनं ५०४, आता ३५२. तिथे हेतू लागतो. म्हणजे कायदासुद्धा शब्दकोश उघडून बसत नाही, कोण कुठे कशासाठी बोललं ते बघतो. २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिवराळ असणं आणि अश्लील असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच सांगितलं.

निळी_शाई यांचा मुद्दा मात्र वेगळ्या कायद्यात येतो, १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा. त्यात जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी साक्षीला नसताना झाला तर ते कलम लागत नाही असं २०२० च्या हितेश वर्मा निकालात म्हटलंय. आणि रावसाहेबांसाठी खास: २००८ च्या स्वरणसिंग निकालात एका जातिवाचक शब्दाबद्दल बचाव असा येऊ शकतो की हे तर फक्त जातीचं नाव आहे, कामावरून पडलेलं. कोर्टाने स्वच्छ सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती नाही बघायची, आज लोक तो कशासाठी वापरतात ते बघायचं.

रावसाहेब_२
बरं. वाचून बघतो. (खरंच.)

हिंजवडी_फेज_तीन
आमच्याकडे सगळं बोलणं चॅटवर. तिथे आवाजच नाही. मी एका ज्युनियरला गमतीत लिहिलं 'गाढवा, पुन्हा तेच केलंस' आणि हसरा चेहरा टाकायचा राहिला. समोरासमोर हेच बोललो असतो तर तो पण हसला असता. तो अर्धा दिवस जागेवर नव्हता, मग कळलं गच्चीवर बसलाय. तेव्हापासून मी एकतर फोन करतो किंवा नुसतं 'बघ ना जरा' लिहितो. आणि मॅनेजरचा 'ओके.' पूर्णविरामासकट आला की सगळी टीम रेझ्युमे उघडते.

खिडकीतली_खुर्ची
इथे सहसा लिहीत नाही. पण म्हणण्याच्या पद्धतीबद्दल सगळे बोलताय म्हणून.

माझे सासरे शाळेत संस्कृत शिकवायचे. रागाची कमाल मर्यादा 'मूर्खा'. चार वर्षांपूर्वी त्यांना डाव्या मेंदूत झटका आला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, बोलता काही यायचं नाही. तीन आठवड्यांनी पहिला शब्द आला. तो होता 'भडव्या'. सिस्टरला उद्देशून, ती बिचारी रक्तदाब बघत होती. सासूबाईंना रडावं की लपावं कळेना.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं की वाचाघातात असं पुष्कळदा होतं. आपण जुळवून बोलतो ते वाक्य आणि तोंडातून आपोआप निघतं ते, यांचे मेंदूतले रस्ते अगदी एक नाहीत. त्यामुळे आकडे, वार, पाठ श्लोक आणि शिव्या कधीकधी उरतात. आणि खरंच, बाईंनी 'एक, दोन' सुरू करून दिलं की अप्पा दहापर्यंत घडाघड जायचे. चहा हवा हे मात्र सांगता यायचं नाही. मग चहाला तोच शब्द. खिडकी उघडायलाही तोच. कुठे ऐकला, कधी साठवला, देव जाणे.

सुरुवातीला पाहुणे आले की आम्ही दार लावून घ्यायचो. मग हळूहळू कळायला लागलं. वर चढणारा आला की काहीतरी हवंय. दोन तुकड्यांत तोडलेला आला की नकोय. नातू शाळेतून आला की लांबवलेला, 'भडव्याऽऽ', तो पण 'आलो अप्पा' म्हणून पायाशी बसायचा. सहा-आठ महिन्यांत घरात कुणाला तो शब्द ऐकूच येईनासा झाला, नुसता सूर ऐकू यायचा. त्या वर्षी पाडव्याला सासूबाईंनी ओवाळलं तेव्हा त्यांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले. तोच शब्द. सासूबाई म्हणाल्या, 'हो, कळलं.'

कसब्यातली
...

बोळातला_बोका
आज काही विनोद सुचत नाही.

लेखनसीमा
खिडकीतली_खुर्ची, लिहीत जा हो.
अवांतर: शिवी दिल्याने वेदना सहन व्हायला मदत होते असा एक प्रयोग इंग्लंडात कील विद्यापीठात झाला होता, २००९ मध्ये छापून आला. बर्फाच्या पाण्यात हात घालून बसायचं, शिवी देणाऱ्यांचा हात जास्त वेळ टिकला. दारात करंगळी आपटल्यावर आपल्याला हे आधीपासून माहिती होतं म्हणा.

ओंकारेश्वरची_पायरी
धागाकर्ते, पोराला शेवटी काय सांगितलंत?

पर्वती_पायथा
सांगतो. मी बरीच तयारी करून त्याला म्हटलं, मेल्या हे पाण्यासारखं आहे, वरून खाली येतं, खालून वर जात नाही. रांडेच्या आपल्या घरात नको, का ते मोठा झाल्यावर कसब्याच्या मावशींचं वाचायला देईन. आणि जातीवरून कुणाला काहीही म्हणायचं नाही, हसत पण नाही, कौतुकाने पण नाही. त्याला एवढं पटलं. पण साहेब माझ्या मागे उभं राहून हा धागा वाचत होते हे मला माहिती नव्हतं.

आज सकाळी दोन्ही आज्या हॉलमध्ये. टीव्हीवर सिरीयलचं रिपीट चाललेलं, ह्याला कार्टून बघायचं. हा मधोमध उभा राहिला, हात मागे बांधले आणि हळू आवाजात म्हणाला, 'आपलं चालू द्या. आपण मोठ्या आहात. आम्हाला काय, आम्ही रिकामेच आहोत.'

आई खूश. 'बघ, नातू कसो शाणो झालो!' म्हणून गालावरून हात फिरवला.

सासूबाईंनी मात्र सकाळचा पेपर खाली केला, चष्म्यावरून त्याच्याकडे पुरतं बघून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, 'मेल्या.'

देवगडचो_हापूस
सासूबायेंका आमच्याकडसून एक पेटी.